आतले हात

"दोन्ही डाव्याच हायत," मामंजी माझ्या कानाशी पुटपुटले.

अतिदक्षता विभागाच्या दारात एक अरुंद बाकडं होतं, त्यावर आम्ही चिकटून बसलो होतो. आत जायचं तर आपल्या चपला बाहेर काढून दवाखान्याच्या निळ्या रबरी चपला घालायच्या, असा तिथला नियम. कोपऱ्यात त्यांचा ढीग पडलेला असायचा, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं.

"आपली चांगली कोल्हापुरी काढून घ्यायची, आन् हे असलं पायात अडकवायचं. ह्याला म्हणायचं मोठा दवाखाना."

"बदलून आणू का?"

"नगं. दोन्ही उजव्या आणशील."

मामंजी म्हणजे माझे सासरे. आत, दारापासून तिसऱ्या खाटेवर आत्याबाई होत्या. आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात. परसात धुणं वाळत घालता घालता त्या खाली बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. मेंदूतली शीर फुटली होती. मिरजेला आणून ऑपरेशन केलं. ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले. गुंगीची औषधं चालू होती तोवर आम्ही म्हणत होतो, औषधानं झोपल्यात. मग ती बंद केली. आम्ही म्हणालो, उतरायला वेळ लागतो. तो वेळही उलटून गेला. गळ्याला भोक पाडून नळी बसवली, नळीला मशीन जोडलं. आत्याबाई डोळे उघडायच्या, पण ते डोळे कशावर टेकायचे नाहीत. घराची खिडकी उघडी टाकून माणूस गावाला गेल्यासारखं वाटायचं.

ह्याला आता पाच वर्षं होऊन गेली. मी सातवी शिकलेली. बाकी जे काही आलं ते गावच्या वाचनालयातून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यातली डॉक्टरी मला कळली तेवढीच आहे. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं.

त्या सकाळी माझे यजमान हिंदुराव आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आमच्यापुढे उभी राहून हळू आवाजात बोलत होती.

"आक्का, मला वाटतं घरी न्यावं," हे म्हणाले.

"मी पण तेच म्हणते. आपल्या घरात, आपल्या माणसांत."

"मशीन काय घरी नेता येत न्हाई."

"व्हय की. ते कसं येईल."

इथवर येऊन दोघं थांबायची. मग पहिल्यापासून पुन्हा. घरी न्यायचं म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि 'घरी' ह्या एवढ्याशा शब्दात केवढी सोय करून ठेवलेली असते ते मला त्या दिवसांत कळलं. मामंजी आपले चपलांकडे बघत होते.

तेवढ्यात दार ढकलून डॉक्टर नाझनीन मुजावर बाहेर आल्या. त्या भुलीच्या डॉक्टर, पण ऑपरेशनच्या खोलीपेक्षा ह्या वॉर्डातच जास्त दिसायच्या. ठेंगण्या, चष्म्याला दोरी लावलेली, आणि चालताना खिशातल्या किल्ल्या वाजायच्या.

"मॅडम, राग मानू नका," हे म्हणाले, "पण तुम्ही भुलीच्या. आमच्या आईला जागं करायला दुसरं कोणी न्हाई का?"

बाई हसल्या. "माणसाला खाली नेऊन सोडणं हे आमचं रोजचं काम. तेव्हा वर यायची वाटही थोडी आम्हालाच माहीत असणार, नाही का? थोडीच, हं. भूल मी वीस वर्षं देतेय. किती द्यायची, कधी थांबवायची, सगळं कळतं. पण त्या वेळात माणूस नेमका जातो कुठं, ते मला विचाराल तर मला माहीत नाही. माझ्या गुरूंनाही माहीत नव्हतं. जगभर अजून अभ्यासच चाललाय."

मला त्या बाई तिथंच आवडल्या. डॉक्टरांच्या तोंडून 'माहीत नाही' इतकं सरळ मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी आम्हाला आतल्या छोट्या खोलीत बसवून सांगितलं. बाहेरच्या देशांत डॉक्टरांना असं दिसलंय की जे पेशंट काही केल्या हलत नाहीत, त्यांच्यातल्या दर चार-पाचांत एखादा आतून ऐकत असतो. त्याला हात हलव म्हटलं की हात हलत नाही. पण मेंदू हलवायला निघतो. तेवढं निघणं डोक्याला तारा लावून पकडता येतं. ह्या दवाखान्यातही त्यांनी तसा एक लहानसा अभ्यास सुरू केला होता. कानात आवाज सोडायचा, 'करा'. थोड्या वेळानं 'थांबा'. पुन्हा 'करा', पुन्हा 'थांबा'. 'करा'च्या वेळचा मेंदू आणि 'थांबा'च्या वेळचा मेंदू वेगळा दिसला, तर आत कोणीतरी ऐकून काम करतंय.

"उजवी मूठ उघडा-मिटा, हे आजींना सांगून झालं," बाई म्हणाल्या. "त्यात काही आलं नाही. आता दुसरा भाग. तिकडं काही ठिकाणी पेशंटला सांगतात, आपण टेनिस खेळतोय असं मनात आणा."

"आमची आई आणि टेनिस?" वन्सं म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्हाला विचारते. त्यांच्या हातांनी वर्षानुवर्षं केलेलं काम सांगा. आपोआप होणारं, डोकं न लावता. ते तुमच्यापैकी कोणाच्या तरी आवाजात कानात सोडू."

"आणि काही दिसलं तर?" ह्यांनी विचारलं.

"तर मी तुम्हाला घरी नेऊ देणार नाही, भांडेन. मशीन, नळी, व्यायाम, सगळं चालू ठेवू. बऱ्या होतील असं वचन मी देत नाही. पण आत माणूस आहे म्हटल्यावर आपण थांबायचं."

"आणि न्हाई दिसलं?"

"तर ठरवणं तुमच्याकडे. पण नाही दिसलं म्हणजे आत कोणी नाही, असं मी लिहून देणार नाही. परीक्षाच अजून कच्ची आहे."

वन्संनी विचारसुद्धा केला नाही. "भाकरी," म्हणाल्या. "आईच्या भाकरीसारखी भाकरी पंचक्रोशीत न्हाई."

हे मान हलवायला लागले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी गप्प बसले. आत्याबाईंची भाकरी मी बावीस वर्षं खाल्ली होती. जाड व्हायची, कडेला फाटायची, आणि तव्यावर टाकताना तिचा अर्धा भाग आत्याबाईंच्या मनात नसलेल्या दिशेला जायचा. वन्संच माहेरी आल्या की म्हणायच्या, इंदू, तू कर बाई. पण माणूस खाटेवर पडलं की त्याच्या हातची चव वाढत जाते, त्याला कोण काय करणार.

आत्याबाईंचे हात म्हटलं की मला दुसरंच काहीतरी आठवायचं. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, एकीवर एक, खूप जुन्या. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, आत्याबाई, हे कशाचं? "जुनं हाय," म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतला.

"वन्सं," मी म्हणाले, "त्या दुपारच्या वेळी..."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

आमच्या घरात एका गोष्टीला हात लावायचा नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आल्या आल्या आपोआप शिकले. ती गोष्ट म्हणजे आत्याबाईंचं माहेर. दिवाळीला त्या कधी कुठं गेल्या नाहीत, तिकडून कोणी त्यांना भेटायला आलं नाही. माझ्या लग्नात ह्यांच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहिले ते गावातले पोस्टमन. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "माहेर लांब हाय." किती लांब, कुठल्या दिशेला, काही नाही. त्यात त्या महिन्यात वन्संच्या लेकीची सोयरीक बोलण्यात होती. पाहुणे चौकशीखोर, आजीचं कूळ कुठलं असं दोनदा विचारून गेलेले. तेव्हा तर त्या विषयाच्या आसपासही कोणी फिरकत नव्हतं.

भाकरी ठरली.

दुपारी आत्याबाईंच्या डोक्याला तारांची टोपी घातली. तारा कपाळावरून दोन्ही गालांवर ओघळल्या होत्या. मला एकदम मुंडावळ्यांसारखं वाटलं. वन्संनी माईक हातात घेतला आणि सुरू झाल्या, "आई, भाकरी थाप. जाड करू नगंस. कडा सांभाळ, आन् तवा जरा..."

"ताई, तवा नको," मुजावरबाई म्हणाल्या. "नुसतं, भाकरी थाप. आणि दुसरं, आता थांब. दोनच वाक्यं. आधी मी त्यांचं नाव घेते, मग तुमचा आवाज."

वन्संना 'थाप' जमलं. 'थांब' काही केल्या येईना. तोंडातून शब्द काढायच्या आधी हुंदका यायचा. "आईला मी जन्मात कधी थांब म्हटलं न्हाई हो," म्हणाल्या. शेवटी एकदाचं झालं.

बाईंनी ते आत्याबाईंच्या कानात सोडलं. सरस्वतीबाई, असं नाव, मग 'आई, भाकरी थाप', मग शांतता, मग 'आई, आता थांब'. असं बराच वेळ. आत्याबाई छताकडे बघत होत्या. मग पडद्यावर दोन रेघा उमटल्या. निळी 'करा'ची, तांबडी 'थांबा'ची. आत काही घडत असेल तर त्या एकमेकींपासून फाकतात, असं बाईंनी सांगितलं होतं. त्या फाकल्या नाहीत. एकीच्या अंगावर दुसरी पडून राहिली.

बाईंनी चष्मा काढून दोरीला सोडून दिला. त्यांना बोलावं लागलंच नाही.

वन्सं खाटेशी गेल्या. आईचे केस मागे सारले आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "सुट गं बाई आता. किती सोसशील." हे बाहेर जाऊन फोन करायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी ठरली. मी सगळ्यांसाठी चहा आणला. वाईट बातमी आली की माझे पाय आपोआप चहाकडे वळतात.

मामंजी बाकड्यावरच होते. कप हातात धरला, पण प्याले नाहीत.

"इंदू, तिला नाव काय सांगितलं कानात?"

"सरस्वतीबाई."

"ते लग्नातलं."

आमच्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलायची रीत आहे. माझंही बदललेलं. मी माहेरची हौसा, इंदुमती झाले ती बोहल्यावर. आजही कोणी पाठीमागून हौसे म्हणून हाक मारली तर मी झोपेतूनसुद्धा ओ देईन. पण आत्याबाईंना पहिलं काही नाव असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

मामंजींनी कप खाली ठेवला. "त्या मुजावरबाई एकट्या गावतील का?"

"गावतील की. काय विचारायचंय?"

"विचारायचं न्हाई," ते म्हणाले आणि उठले. "सांगायचंय."

मी त्यांना आत घेऊन गेले. बाईंनी त्यांचं म्हणणं अर्धवटच ऐकलं असेल, खुर्ची पुढे केली आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा काचेपलीकडे थांबता?"

म्हणून मामंजींनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. पाहिलं मात्र सगळं. मामंजींनी आधी टोपी काढून मांडीवर ठेवली. देवळात सोडून त्यांना मी कधी बोडकं पाहिलं नव्हतं. मग बोलायला लागले. बाई ऐकत होत्या. एकदा त्यांनी काही विचारलं, तेव्हा मामंजींनी हातांनी करून दाखवलं. एक हात धरून ठेवणारा, दुसऱ्याची बोटं वर, खाली, वर, खाली, आणि मग अंगठ्यानं जोर देऊन काहीतरी आवळल्यासारखं. ओबडधोबड करत होते, स्वतः कधी न केलेलं काम माणूस जसं करून दाखवेल तसं. पण ते कोणाचे हात आहेत हे मी ओळखलं.

मग बाईंनी माईक दिला. मामंजी माईककडे बघत राहिले. नंतर डोळे मिटून घेतले आणि बोलले.

बाई दारात येऊन मला म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवा. अभ्यासाच्या नियमात हे बसत नाही, नाव आणि काम दोन्ही एकदम बदललं की कशामुळे काय झालं ते कळत नाही. मी हे मोजणीत धरणार नाही. पण मला बघायचंय."

आम्ही सगळे खाटेच्या पायथ्याशी उभे राहिलो. आवाज आत्याबाईंच्या कानातच जात होता, आम्हाला ऐकू येत नव्हतं. फक्त मशीनची फुसफुस. आत्याबाईंचा उजवा हात चादरीवर होता, घडी मोडलेल्या रुमालासारखा. मी त्याच्यावरून नजर काढली नाही. तो हलला नाही. एक बोटसुद्धा नाही.

पडद्यावर रेघा आल्या.

काही वेळ मला वाटलं, मलाच तसं दिसतंय. निळी रेघ तांबडीपासून सुटली. आधी थोडी, मग चांगली हातभर लांब वाटावी इतकी, आणि तशीच चालत राहिली. बाईंनी श्वास रोखला होता. मग किल्ल्यांचा आवाज झाला, त्या खुर्चीवर बसल्या.

"पुन्हा," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा हात तसाच निपचित. आणि पुन्हा निळी तांबडीपासून फाकली, त्याच ठिकाणी, तितकीच.

"मॅडम," ह्यांनी विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे आजी काम करतायत." त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "सांगितलं की करतायत. थांब म्हटलं की थांबतायत. पुन्हा सांगितलं की पुन्हा घेतायत."

"पण हात तर..."

"हात बाहेरचा आहे," बाई म्हणाल्या.

मी आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतके दिवस मी रोज त्यांचं तोंड पुसत होते, केस विंचरत होते, आणि मनात, खरं सांगते, रिकाम्या घराची झाडलोट करावी तसं ते करत होते. आणि घरात माणूस होतं. अंधारात बसलेलं, हाक कोणती येते ते ऐकत. आमच्या हाका त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या. ओळखीची हाक आली तशा त्या उठल्या, बसल्या, काम हातात घेतलं. त्या इवल्याशा निळ्या रेघेपुढे मला हात जोडावेसे वाटले. देवापुढेही मी इतक्या मनापासून कधी जोडले नसतील. जोडले नाहीत, कारण शेजारी सिस्टर उभ्या होत्या आणि मला उगाच लाज वाटली.

मग वन्सं एकदम खाली बसल्या, फरशीवर.

"अगं आई गं," म्हणाल्या. "मी कानाशी काय बोलले."

तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आठवायला लागलं. ह्या खाटेशी उभं राहून आम्ही काय काय बोललो होतो. गाडी कितीला येईल. कोणाकोणाला कळवायचं. हिरवं लुगडं कपाटात कुठं ठेवलंय. हे तर तोंडावर हात घेऊन भिंतीकडे वळले.

"ऐकलं असेलच असं नाही," बाई म्हणाल्या. "पण ह्यापुढं इथं बोलताना, त्या बसलेल्या आहेत असं समजून बोला."

ह्यांनी फोन काढला आणि तिथूनच गाडीवाल्याला सांगितलं, "नगं. उद्या नगं. परवा पण नगं. आई हाय आमची."

एवढं झाल्यावर खरं म्हणजे सगळ्यांनी घरी जाऊन जेवायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या की हे रोज करायचं आहे. आत्याबाईंना ओळखीच्या कामाला रोज बसवायचं, म्हणजे हळूहळू आतली वाट बाहेर येते का ते बघता येईल. व्यायामाच्या बाई येतील, त्या आत्याबाईंचे हात धरून त्याच कामाची हालचाल करून घेतील. आजोबा रोज येऊ शकणार नाहीत, तेव्हा दुसऱ्या कोणीतरी शिकून घ्यावं.

"मी येते," वन्सं उठल्या, डोळे पुसले. "काय सांगायचं तिला? अप्पा, तुम्ही काय सांगितलं?"

मामंजी खाटेच्या दांडीला धरून उभे होते.

"अप्पा, मी विचारते, काय सांगितलं आईला?"

वन्सं मुजावरबाईंकडे वळल्या. बाई म्हणाल्या, "ते आजोबांनी सांगायचं. माझं नाही ते."

खरं तर वन्संना कळत होतं. तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं मला. ह्यांनाही कळत होतं. मलाही. कारण आमच्या घरात काही मोडलं तर ते फार दिवस मोडलेलं राहत नसे. दुरडीची कड उसवलेली असायची, टोपलीचं बूड सुटलेलं असायचं, आणि दुपारी सगळे शेतात गेले, माझा डोळा लागला, की संध्याकाळपर्यंत ते धड झालेलं असायचं. एकदा मी झोपेचं सोंग घेतलं होतं. आत्याबाई परसात, भिंतीच्या आडोशाला, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांची बोटं इतकी वेगात चालली होती की मला मोजता येईनात. आणि त्या काहीतरी गुणगुणत होत्या. भाकरी करताना मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी ते ह्यांना सांगितलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते, "झोप." बाजारात गेलो की आत्याबाई सुपं विकायला बसलेल्या बायकांपुढून जाताना पदर पुढे ओढायच्या आणि पावलं भराभर टाकायच्या. वन्संनी ते माझ्याआधी कितीतरी वर्षं पाहिलं असणार. माहेर लांब आहे. ते बाजाराच्या दिवशी हाताच्या अंतरावर होतं.

"अप्पा," वन्सं आता हळू म्हणाल्या, "इथं नगं. सिस्टर हायत. घरी बोलू."

"घरी कधी बोललोय?" मामंजी म्हणाले.

"पोरीचं ठरतंय, अप्पा."

"ठाऊक हाय मला."

"राहू द्या, अप्पा," हे म्हणाले. "मी लिहून घेतो तुमच्याकडनं. लिहून दिलं की झालं."

मामंजी खाटेच्या कडेनं पुढे सरकले. ते दोन्ही डाव्या पायांच्या चपलांत चालत असल्यामुळे एक पाय बाहेर पडत होता. उशापाशी आले. आत्याबाईंच्या कानातलं ते यंत्र त्यांनी बोटानं हलकेच काढलं आणि उशीवर ठेवलं. आता जे बोलतील ते त्यांनाही ऐकू जाणार होतं.

"बाळंतपणाला पण तिला धाडलं न्हाई मी," ते म्हणाले. आमच्याकडे बघत नव्हते. "दोन कोसांवर, बाजाराच्या गावात बाप होता तिचा. तो मेला तेव्हा मी म्हटलं, रडायचं तर घरात रड. ती घरात रडली. दुसरं नाव दिलं, म्हटलं आता हेच. ती म्हणाली, बरं. सगळ्याला बरं म्हणाली. आज म्हटलं, बघावं, पहिल्या नावानं ओ देते का."

त्यांनी आत्याबाईंचा डावा हात उचलून आपल्या हातात घेतला, रेघांचा. सिस्टर सलाइनची बाटली तशीच धरून उभ्या होत्या.

मग मामंजींनी मान वर केली आणि शेतात बांधापलीकडच्या माणसाला हाक मारावी तितक्या मोठ्यानं, वॉर्डातल्या सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं, आपल्या लेकीला सांगितलं,

"बुरुडाची हाय तुझी आई. रंगू नाव तिचं. तिला म्हण, बापाच्या दारात बस आन् सूप विणायला घे."